शिडीवरून पडला तो कोणाच्या कर्माने?



शहरात उंच लोखंडी सांगाड्यावर जाहिरातीचा फलक लावताना एखादा कामगार शिडीवरून खाली पडतो. त्याचा पाय मोडतो, कंबर मोडते, किंवा तो जागीच प्राणाला मुकतो. त्या संध्याकाळी त्याच्या दारात माणसे जमतात. ती जे बोलतात ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. कोणी म्हणते, "नशिबात होते, कोण काय करणार?" कोणी म्हणते, "त्याने स्वतःला सांभाळायला हवे होते." आणि ठेकेदाराचा माणूस हळूच म्हणतो, "जोखमीचे काम आहे हे त्याला ठाऊक होते. आपण होऊन तो वर चढला."

ही तीन उत्तरे आहेत. पहिले दैवाचे, दुसरे दोषाचे, तिसरे संमतीचे. तिन्ही उत्तरे एकमेकांपासून वेगळी वाटतात. पण तिन्हींचा परिणाम एकच होतो. पडलेल्या माणसाचे दुःख त्याच्याच पदरात राहते आणि बाकी सर्वजण मोकळ्या मनाने घरी जातात. म्हणून धम्म स्वीकारलेल्या माणसाने या तिन्ही उत्तरांची नीट तपासणी केली पाहिजे. कोणतीही गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून मान्य करू नये, स्वतःच्या बुद्धीने पारखावी, अशी तथागतांची शिकवण आहे. ती शिकवण केवळ मोठमोठ्या तत्त्वांच्या चर्चेसाठी नाही. आपल्या दारात जमलेल्या माणसांच्या बोलण्यालाही ती लागू आहे.

काम काय आहे ते आधी पाहू

जाहिरातीचे फलक पूर्वी हाताने रंगवीत. दोराला बांधलेल्या फळीवर बसून किंवा बांबूच्या परांचीवर उभे राहून रंगारी सिनेमाचे चेहरे काढीत. १९९० नंतरच्या काळात यंत्रावर छापलेला फ्लेक्स आला आणि रंगाऱ्याचा ब्रश हळूहळू बाजूला पडला. पण उंची गेली नाही. फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन वर चढणे, ती उलगडणे, कडेच्या कड्यांतून दोरी ओवून लोखंडी सांगाड्याला ताणून बांधणे, जुना फ्लेक्स कापून खाली सोडणे, हे सर्व माणसाच्या हातांनीच होते. पुष्कळदा ते रात्री होते, कारण दिवसा रस्त्यावर रहदारी असते.

या कामात शिडी हे मुख्य साधन आणि वारा हा मुख्य शत्रू. २० फूट रुंद आणि १० फूट उंच फ्लेक्स हा वाऱ्यापुढे शिडासारखा वागतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा त्याच्यावर समोरून आदळला तर सुमारे ११० किलो वजनाइतका रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सुमारे ४५० किलो. अर्धवट बांधलेल्या फ्लेक्सचे एक टोक हातात धरून शिडीवर उभा असलेला माणूस कितीही बळकट असो, तो या रेट्याला पुरा पडणार नाही. २० फुटांवरून पडणारा माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. ४० फुटांवरून पडला तर तो वेग सुमारे ५६ किलोमीटर होतो. एवढ्या अवधीत हात पुढे करायलाही सवड मिळत नाही.

शिडीचे नियम काही गुपित नाहीत. शिडी जितकी उंच टेकली असेल त्याच्या चौथ्या हिश्शाइतके तिचे पाय भिंतीपासून दूर हवेत. १६ फुटांवर टेकलेली शिडी ४ फूट लांब. जिथे उतरायचे त्या जागेच्या वर तिची टोके ३ फूट तरी गेली पाहिजेत. वरचे टोक बांधलेले हवे, आणि ते बांधले जाईपर्यंत खाली धरणारा माणूस हवा. चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी शिडीला लागलेले असावेत. म्हणजेच हातात ओझे घेऊन चढायचे नाही, ओझे दोराने मागाहून ओढून घ्यायचे. विजेच्या तारांजवळ लोखंडी वा अॅल्युमिनियमची शिडी नेऊ नये. ओल्या बांबूवरही भरवसा ठेवू नये. वर पोचल्यावर खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण पट्टा हवा. त्याला दोन दोर असावेत, म्हणजे जागा बदलताना एक सोडला तरी दुसरा अडकलेला राहतो. नुसता कमरेचा पट्टा पडत्या माणसाचा सगळा भार पोटावर आणि कण्यावर घेतो.

आता आपल्या गल्लीतला शिडी घेऊन निघालेला मुलगा डोळ्यांपुढे आणा आणि यातले किती त्याच्याजवळ असते ते मोजा.

पहिले उत्तर: दैव

"नशिबात होते" या शब्दांच्या मागे एक संपूर्ण तत्त्वज्ञान दडलेले आहे. गेल्या जन्मी केले, या जन्मी भोगले. हे वाक्य दुःखी माणसाला क्षणभर शांत करते, म्हणून ते दयेचे वाटते. पण ते दयेचे नाही. विधवेला तिचा नवरा गेल्या जन्मीच्या पापाने मेला असे सांगणे म्हणजे मेलेल्या माणसावर एक न केलेला गुन्हा लादणे होय.

तथागतांच्या काळीही हा प्रश्न विचारला गेला होता. संयुत्त निकायात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्माचेच फळ, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, याबद्दल आपले मत काय, असे त्याने भगवंतांना विचारले. भगवंतांनी ते मत मान्य केले नाही. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही या तिन्हींच्या मिश्रणाने, काही ऋतू बदलल्याने, काही शरीराची नीट काळजी न घेतल्याने, काही बाहेरच्या आघाताने. कर्माचा विपाक हे या यादीतले एक कारण आहे, एकमेव नव्हे. जे लोक सर्वच पूर्वकर्मावर ढकलतात ते स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टींच्याही पलीकडे जातात, असा त्यांचा निर्वाळा आहे. शिडीवरून पडलेल्या माणसाचा कणा मोडतो तो बाहेरच्या आघाताने. त्यासाठी गेल्या जन्माचे खाते उघडण्याचे कारण नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत कोणाच्या उपयोगी पडतो, असा प्रश्न त्यांनी विचारला आहे. गरीब आणि दलित माणसाच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, याच्याशी त्यांनी त्या सिद्धांताचा संबंध जोडला. हा प्रश्न शिडीच्या पायथ्याशी उभे राहून विचारा, म्हणजे त्याची धार कळेल. फुटक्या पायरीची शिडी देणाऱ्याला "नशीब" हा शब्द किती सोयीचा आहे!

धम्म याच्या उलट शिकवतो. कारण असेल तर कार्य घडते, कारण दूर केले तर कार्य थांबते. माणूस पडला, कारण शिडी सरकली. शिडी सरकली, कारण ती बांधली नव्हती आणि खाली धरणारा नव्हता. धरणारा नव्हता, कारण दोन माणसांचे काम एकाला दिले होते. एकाला दिले, कारण ठेकेदाराने कमी दराने काम घेतले होते. कमी दराने घेतले, कारण ज्याची जाहिरात होती त्याने सर्वांत स्वस्त कोण एवढेच पाहिले. या साखळीत कुठेही गेला जन्म येत नाही. आणि यातली प्रत्येक कडी माणसाच्या हाताने घडलेली आहे, म्हणून ती माणसाच्या हाताने मोडताही येते. दैववाद्याला रडण्यापलीकडे काही करता येत नाही. कारण जाणणाऱ्याला काम सापडते.

दुसरे उत्तर: त्याचाच दोष

हे उत्तर अधिक अवघड आहे, कारण ते पूर्णपणे खोटे नाही. अप्पमाद, म्हणजे जागरूकता, ही धम्माची मोठी शिकवण आहे. पट्टा दिलेला असताना तो गाडीतच टाकून वर चढणारे तरुण आहेत. "मला सवय आहे" म्हणणारे आहेत. घेऊन चढणारेही आहेत, आणि सुरापानापासून दूर राहण्याचे शील आपण घेतलेले आहे. या गोष्टी झाकून आपले भले होणार नाही.

परंतु जागरूकता एकट्याची असते काय? याचे उत्तर संयुत्त निकायातल्या सेदक सुत्तात फार सुंदर रीतीने आले आहे. सुम्भ देशातल्या सेदक गावी भगवंतांनी बांबूवर कसरत करणाऱ्याची गोष्ट सांगितली. मूळ पालीत त्याच्यासाठी 'चण्डालवंसिक' असा शब्द आहे. आपल्याकडच्या डोंबाऱ्यासारखाच हा माणूस. त्याने बांबू उभारला आणि मेदकथालिका या आपल्या शिष्याला खांद्यावर उभे राहायला सांगितले. गुरूचे म्हणणे होते की तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे आपण खेळ दाखवून, पैसे मिळवून, सुखरूप खाली उतरू. शिष्याने ते मानले नाही. त्याचे म्हणणे, प्रत्येकाने आधी स्वतःचा तोल सांभाळावा, म्हणजे दोघेही सुखरूप उतरतील. भगवंतांनी शिष्याची रीत योग्य म्हटली. पण ते तिथेच थांबले नाहीत. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला सांभाळतो, असे दोन्ही बाजूंनी त्यांनी सांगितले. दुसऱ्याला कसे सांभाळायचे? क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने आणि करुणेने.

शिडीचे सगळे नीतिशास्त्र या गोष्टीत आहे. वरच्या माणसाने आपला तोल सांभाळायचा हे खरेच. पण खाली शिडी धरलेला माणूस विडी पेटवायला बाजूला गेला तर वरच्याच्या जागरूकतेला काय अर्थ राहिला? आणि खाली माणूसच ठेवला नसेल तर? जागरूक राहण्यासाठी साधन लागते, वेळ लागतो, झोप लागते. दिवसभर काम केलेल्या मुलाला रात्री दोन वाजता पुन्हा शिडीवर चढवायचे आणि तो पडल्यावर त्याच्या बेसावधपणाचा पंचनामा करायचा, हा न्याय नव्हे. ज्याच्या हातात जितके साधन, तितकी त्याची जबाबदारी. चढणाऱ्याच्या हातात स्वतःचा पट्टा अडकवणे आहे. मुकादमाच्या हातात वारा पाहून काम थांबवणे आहे. ठेकेदाराच्या हातात माणसे आणि शिड्या आहेत. जाहिरातदाराच्या हातात पैसा आहे. दोष वाटायचाच असेल तर याच मापाने वाटला पाहिजे. आपल्याकडे तो नेमका उलट वाटला जातो. ज्याच्या हातात सर्वांत कमी, त्याच्या डोक्यावर सर्वांत जास्त.

तिसरे उत्तर: आपण होऊन चढला

हे उत्तर कायद्याच्या भाषेतले आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खटल्याच्या निकालात न्यायालयाने असा विचार मांडला की नोकर कामावर येतो तेव्हा त्या कामातल्या नेहमीच्या धोक्यांसह येतो. सोबतच्या नोकराच्या चुकीने त्याला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात या विचाराने असंख्य मोडक्या देहांना रिकाम्या हाताने घरी पाठवले. पुढे जगाने तो विचार सोडायला सुरुवात केली. जर्मनीत १८८४ साली कामावरच्या अपघातांसाठी विम्याचा कायदा झाला, इंग्लंडमध्ये १८९७ साली भरपाईचा कायदा झाला आणि भारतात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला.

या कायद्यांमागचे नैतिक तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. मालकाने चूक केली हे सिद्ध करण्याची कामगाराला गरज नाही. इजा कामामुळे आणि काम करताना झाली एवढे पुरे. ज्या कामाचा नफा तुम्ही घेता त्या कामाचे दुःखही तुमच्या हिशेबात धरले पाहिजे, असा त्याचा अर्थ. १९२३ च्या कायद्यात आणखी दोन मोलाच्या तरतुदी होत्या. ठेकेदारामार्फत काम करून घेणारा मूळ मालकही भरपाईला बांधील होता. आणि भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कामगाराने सही करून दिला असला तरी तो रद्दबातल होता. म्हणजे कायद्यानेच ओळखले होते की उपाशी माणसाची सही ही पूर्ण संमती नव्हे. हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. कायद्याचे नाव बदलले, तत्त्व बदललेले नाही. स्वतः बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि मजुराचे दुःख हा दानधर्माचा नव्हे तर हक्काचा विषय आहे, ही त्यांची भूमिका होती.

संमतीबद्दल धम्माची दृष्टी काय? दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराची सेवा कोणत्या पाच प्रकारांनी करावी ते सांगितले आहे. त्यातला पहिलाच प्रकार असा की काम त्याच्या शक्तीप्रमाणे द्यावे. पुढे अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, चांगले खाद्य वाटून घ्यावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी, असे येते. नोकराने हो म्हटले की मालक मोकळा, असे तिथे म्हटलेले नाही. काम माणसाच्या शक्तीला झेपेल की नाही हे पाहणे हे देणाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. सम्मा आजीव म्हणजे योग्य उपजीविका. ती फक्त मजुरी करणाऱ्याने पाळायची आणि मजुरी देणाऱ्याने नाही, असे असू शकत नाही.

घरात चूल पेटायची असेल आणि दुसरे काम नसेल, तर माणूस फुटक्या शिडीवरही चढतो. एकट्याने नकार दिला तर नाक्यावर उभा असलेला दुसरा चढतो. म्हणून नकार हा एकट्याचा सद्गुण म्हणून सांगणे सोपे आहे, पण निरुपयोगी आहे. नाक्यावरचे दहाजण मिळून "पट्टा आणि शिडी धरणारा असल्याशिवाय चढणार नाही" असे म्हणाले, तरच तो नकार टिकतो. संघाला शरण जाणे याचा रोजच्या जगण्यातला एक अर्थ हाही आहे.

फलक पडतो तेव्हा आणि माणूस पडतो तेव्हा

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जाहिरातीचे सांगाडे कोसळून माणसे मेली. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ सांगाडा काढण्याचे काम चालू असताना तो रस्त्यावरच्या वाहनांवर पडला आणि ४ जण गेले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या किवळे येथे वादळात फलक कोसळून ५ जण गेले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर प्रचंड फलक कोसळला आणि १७ जण मृत्युमुखी पडले. तो फलक सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. प्रत्येक वेळी शहर हादरले, चौकशा झाल्या, मोजमापे निघाली. ते योग्यच झाले.

पण फलक माणसांवर पडतो तेव्हा जागे होणारे शहर, माणूस फलकावरून पडतो तेव्हा जागे होत नाही. दोन्हींची कारणे मात्र एकाच जातीची आहेत. स्वस्तात उंच जायचे, वाऱ्याचा हिशेब करायचा नाही, नियम कागदावर ठेवायचा. शिडीवरच्या माणसाच्या पडण्याला आपण आधीच गंभीरपणे घेतले असते, तर सांगाड्याच्या पडण्याकडेही अधिक लवकर लक्ष गेले असते. जो समाज एका मजुराच्या मरणाला नशीब म्हणतो, तो सतरा नागरिकांच्या मरणाची तयारी करीत असतो.

आपल्या घरातला प्रश्न

आता एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. १४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतही कमानी उभ्या राहतात. विजेच्या खांबांवर, इमारतींच्या गच्चीवर, उड्डाणपुलाच्या कठड्यावर फ्लेक्स चढतात. त्यावर बाबासाहेबांचे चित्र असते आणि खाली वर्गणीदारांचे चेहरे असतात. हे फ्लेक्स कोण चढवतो? मंडळातली सोळा-सतरा वर्षांची पोरे. पट्टा नाही, शिडी धरणारा नाही, वरून विजेची तार गेलेली, आणि खाली उभे राहून "अजून थोडा वर घे" म्हणणारे आपणच वडीलधारे. त्या पोराला मजुरीही नसते. त्याच्याकडे फक्त श्रद्धा असते. म्हणजे ठेकेदार निदान पैसे देऊन जोखीम विकत घेतो, आपण ती जयभीमच्या नावाने फुकट घेतो.

जो माणूस म्हणून जगण्याचा हक्क मिळवून देण्यासाठी आयुष्यभर झगडला, त्याचे चित्र टांगताना एका माणसाचे पोर पडले, तर तो त्या महामानवाचा सन्मान कसा होईल? दुसऱ्याच्या फुटक्या शिडीबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर आधी आपल्या मंडळाची शिडी तपासली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. फलकाच्या कामातले लहान ठेकेदार आणि मुकादम पुष्कळदा आपल्याच वस्तीतले असतात. काल तो स्वतः शिडीवर होता, आज त्याच्या हाताखाली चार पोरे आहेत. त्याच्याकडेही फारसे भांडवल नसते, हे मान्य. पण आपल्या माणसाने आपल्या माणसाला पट्ट्याशिवाय वर चढवले तर ते कमी अन्यायाचे होत नाही. उलट, ज्याने ती उंची स्वतः अनुभवली आहे त्याच्याकडून अधिक करुणेची अपेक्षा आहे.

पडल्यानंतर

विचाराचा कस आचरणात लागतो. म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

माणूस उंचावरून पडला तर त्याला हातपाय धरून उचलू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. मान आणि पाठ हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडली असेल तर पाठीचा कणाही तपासून घेण्याचा आग्रह डॉक्टरांपाशी धरावा. टाचेवर बसलेला धक्का वर कण्यापर्यंत जातो, आणि टाचेच्या वेदनेत कण्याची इजा लपून राहते. पट्ट्याला लटकून राहिलेल्या माणसालाही ताबडतोब खाली घ्यावे. फार वेळ लटकल्याने पायांत रक्त साचून जीव धोक्यात येतो. कंबरेखाली लुळा झालेला माणूस घरी आला तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी, नाहीतर अंगाला जखमा होऊन त्यातच तो जातो. हे काम बहुधा पत्नीच्या किंवा आईच्या वाट्याला येते. ते तिचे नशीब म्हणून तिच्यावर टाकून देऊ नये. शेजाऱ्यांनी आणि महिला मंडळाने पाळी लावून घ्यावी.

रुग्णालयात अपघात कामावर झाला हे पहिल्याच वेळी स्पष्ट नोंदवावे. "घरी घसरून पडला" असे सांगा म्हणणारा माणूस हमखास येतो. त्याचे ऐकू नये. खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे शील इथे आपलेच रक्षण करते. कोणाकडे काम होते, किती मजुरी होती, सोबत कोण होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. मजुरीची नोंद, भ्रमणध्वनीवरचे निरोप, कामाच्या जागेची छायाचित्रे जपून ठेवावीत. दुखवट्याच्या दिवसांत कोणी रोख रक्कम पुढे करून कागदावर अंगठा मागितला तर वकिलाला किंवा कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला दाखवल्याशिवाय तो देऊ नये. १९२३ च्या कायद्यात तर मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर कुटुंबाच्या हातात ठेवली तरी ती भरपाई दिली असे मानले जात नव्हते. ती आयुक्तांकडेच भरावी लागे. असे का केले असावे, हे ज्याने दुखवट्याच्या घरातली घासाघीस पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही.

कोणी विचारील, भरपाई मागणे म्हणजे मेलेल्याचा भाव करणे नव्हे काय? नव्हे. माणसाची किंमत होत नाही हे खरे. म्हणूनच तो फुकट मेला असे कोणाला म्हणता येऊ नये यासाठी भरपाई असते. ती मागताना मनात सूड नसावा. वैराने वैर शमत नाही ही शिकवण आपण मानतो. पण मैत्री म्हणजे मुकेपणा नव्हे. दोषी माणसाबद्दल द्वेष न ठेवता त्याला त्याची जबाबदारी दाखवून देता येते, आणि तसे केल्याने पुढच्या शिडीवर चढणाऱ्याचा जीव वाचतो.

तर मग शिडीवरून पडला तो कोणाच्या कर्माने? कर्म म्हणजे या जन्मी, याच जगात, जाणूनबुजून केलेली कृती, असा अर्थ घेतला तर उत्तर सरळ आहे. तो अनेकांच्या कर्माने पडला. ज्याने शिडी तपासली नाही त्याच्या, ज्याने दर पाडला त्याच्या, ज्याने वारा असताना वर पाठवले त्याच्या, काही अंशी स्वतःच्या, आणि पाहूनही न बोललेल्या आपल्या सर्वांच्या. तेव्हा येत्या जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक मंडळाने आधी दोन चांगले पट्टे, एक भक्कम शिडी आणि एक जाड दोर विकत घ्यावा. शिडी धरणाऱ्याचे नाव चढणाऱ्याच्या नावाबरोबर वहीत लिहावे. अठरा वर्षांखालच्या मुलाला वर चढवू नये. वारा सुटला तर फ्लेक्स खालीच राहू द्यावा. बाबासाहेब त्याने लहान होणार नाहीत. आणि वस्तीतला कोणी कामावर पडला तर त्याच्या दारात जाऊन "नशीब" हा शब्द उच्चारायचा नाही, एवढा एक नियम प्रत्येक घराने आजपासून पाळावा.

जयभीम.